सात मीटर चाळीस

मनकर्णाला आधी तो सात दिसला. मांडीवर मेथीची जुडी, समोर पसरलेला पेपर, मंगळवारचे सकाळचे साडेदहा, आणि दारातून आलेल्या परक्या मुलीने नाकासमोर धरलेला मोबाइल. चष्मा फ्रिजवर होता. वहीचं पान, रकाने, शाई असं काही तिला दिसलंच नाही; दिसला तो एक सात, पोट वाकवून शेपूट खालच्या ओळीत सोडलेला. गर्दीत आपलं लेकरू पाठमोरं असलं तरी ओळखू येतं, तसा तो ओळखू आला. शाळा तिने चार इयत्ता पाहिली होती, आणि आकडे खरे तर एसटीच्या तिकिटांवरून आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावरून गिरवले होते. त्यामुळे तिच्यासारखा सात जगात दुसरं कुणी काढत नव्हतं. हातातली मेथीची काडी तिने निवडलेल्या पाल्यात टाकायची ती देठांत टाकली. सून स्वप्नाली पाण्याचा पेला घेऊन आली, ती पाहुणीच्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "अय्या, आत्या, हे तर तुमचं अक्षर. आपल्या दुधाच्या वहीसारखं."

मुलीचं नाव चैताली. अंबाजोगाईची, इंजिनिअर, पूररेषेच्या कामावर. पूररेषा म्हणजे काय ते तिने न विचारता सांगितलं: नदी आजवर जास्तीत जास्त जिथवर आली, त्याच्या थोडं वर एक रेघ, रेघेच्या खाली घर बांधायचं नाही. मनकर्णाच्या गावी, हिवरदऱ्याला, नदीकाठच्या गायरानात एकेचाळीस घरकुलांचे प्लॉट पाडलेत, खुंट्याही ठोकल्यात, फक्त रेघ ठरायची राहिलीय. रेघ ठरवायला जुनी मोजणी लागते, आणि सगळ्या खोऱ्यात जुनी मोजणी म्हणावी अशी एकच वही सापडली. "चोवीस वर्षं, काकू. दिवसाला तीन वेळा. एक खाडा नाही. आमचे साहेब म्हणाले, असा माणूस आता होणार नाही." असा माणूस म्हणजे हरिबा, मनकर्णाचा नवरा, नदीवरचा रोजंदारी मोजणीदार, प्रत्येक पानाखाली त्याची वळणदार सही होती, आणि तो जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हणून चैतालीला घरच्या कुणाची तरी सही हवी होती, की या नोंदी प्रत्यक्ष पट्टी बघून केल्या आहेत. तिने कागद पुढे केला. "सगळ्यात मोठा पूर हा. एकोणीस वर्षांपूर्वीचा. सात मीटर चाळीस. त्याच्या वर आम्ही आठवर रेघ मारतो, म्हणजे प्लॉट सुटतात. गावही खूश."

"सही आजच पायजे का?" मनकर्णाने विचारलं.

"गुरुवारी गावात जाणार आहोत. तोवर दिली तरी चालेल."

"माज्या हाताला मेथी लागलीय," मनकर्णा म्हणाली. मेथीने सही अडल्याचं चैतालीने आयुष्यात ऐकलं नसेल, पण मुलगी गुणी होती, हसली आणि चहा पिऊन गेली.

ती गेल्यावर मनकर्णाने जुडी संपवली, मग आणखी एक सोडली, संध्याकाळच्या भाजीची. हाताला काम असलं की डोकं आपल्या मनाने हिंडतं आणि ते कुठे हिंडतंय हे कुणी विचारत नाही, हे तिला लग्नापासून माहीत होतं. हरिबाला पट्टी वाचता येई पण लिहिण्याचा कंटाळा. काठावर एकापेक्षा एक उंच असे सिमेंटचे खांब रोवलेले, खांबांवर पांढऱ्या पट्ट्या, पट्ट्यांवर काळे आकडे. तो खालून ओरडायचा, ती वर दगडावर बसून लिहायची. पुढे ओरडणंही तिच्याकडेच आलं, म्हणजे ती मनात ओरडायची आणि लिहायची. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. पाऊस लागला की तासातासाला. लेकाच्या, अंगदच्या वेळी नववा महिना भरला तरी ती उतरली होती, आणि सासू मेली त्या दिवशी तिला न्हाऊ घालायच्या आधी बाराची नोंद करून आली होती. उन्हाळ्यात नदीत डबकंसुद्धा नसायचं, तरी जाऊन शून्य लिहायचं. शेजारणी हसायच्या. "मनकर्णे, न्हाई त्ये बघायला कावून जातीस?" तिला ते शून्य लिहायला आवडायचं. कोरडी नदी कुणी बघत नाही, आपण बघतो, असं काहीतरी. कुणाला सांगण्यासारखं नव्हतं ते. या हजारो आकड्यांत खोटा म्हणावा असा एकच, आणि नेमका तोच त्या मुलीने बोटाने मोठा करून दाखवला होता.

त्या दिवशी हरिबा केजला गेलेला, पुतणीच्या सोयरिकीला, आणि रस्ते तुटल्यामुळे तिथेच अडकलेला. बाराच्या सुमाराला पाणी सातव्या पट्टीवर चाळीसला टेकलं तेव्हा सासूने सुपात खण, नारळ, हळदकुंकू घेतलं. नदी फुगली की तिची ओटी भरायची, पाच जणींनी. ती माहेरवाशीण, भरल्या ओटीने निघून जाते. आणि ओटी भरली की मागं बघायचं नाही. घरी येऊन पायावर पाणी घेईस्तोवर नाही. बघितलं की नदीला वाटतं आपल्याला बोलावलं, आणि ती मागोमाग येते. नदीकडे तोंड करून कुणाचं नावही घ्यायचं नाही. नाव घेतलं की दिलं. मनकर्णाने सासूला हळूच विचारलंही होतं, "आत्याबाई, एकची नोंद करायची हाय." सासूने तिच्याकडे अशी नजर टाकली की बस. "ओटी भरल्याली बाई कुणी मापती का? तुजी भरली व्हती तवा मापली व्हती का कुणी?" पाचही जणी ओळीने वर आल्या, पुढे सासू, मग दोघी, मग शेजारची बायनाबाई, शेवटी मनकर्णा. मारुतीच्या पारावर टेकल्या, कुंकू लावलं, प्रसादाची साखर खाल्ली. अर्धा-पाऊण तास गेला असेल. आणि त्या अर्ध्या-पाऊण तासात वरच्या अंगाला कुठला तरी पाझर तलाव फुटला होता, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा फक्त आवाज बदलला. पाणी वाजतं तसा नाही. जात्यात दाणा संपून दगडावर दगड येतो तसा. घराकडे निघाल्या, आणि वळणावरच्या दगडापाशी मनकर्णाने मागं बघितलं.

का बघितलं, याची तिने एकोणीस वर्षांत पुष्कळ उत्तरं काढली होती. एक वाजला होता, हे त्यातलं सगळ्यात खरं. पावसात तासाच्या ठोक्याला ती सवयीने पट्टीकडे बघायची, बाळाच्या वेळेला आईला पान्हा फुटावा तसं. आणि म्हणूनच पुढचं जे झालं ते तसं झालं: डोळा आधी आकड्यावर गेला, मग माणसावर. शेवटचा खांब, ज्याच्यापर्यंत पाणी कधी येत नसे, ज्यावर बायका गोधड्या वाळत घालत, तो अर्धा बुडालेला. नऊच्या वर चार बोटं. नऊ दहा. आणि खांबाशेजारी, कमरेइतक्या पाण्यात, बायनाबाईचा नवरा बंकट, त्यांच्या मोटरीच्या ओट्यावर, पाइपाचा जोड सोडवत वाकलेला. पाणी चढतंय तशी मोटर वर ओढायची म्हणून आला असणार. सगळेच काढत होते. वरून जे येत होतं ते त्याला दिसत नव्हतं, त्याची पाठ तिकडे होती. तिला दिसत होतं. एक अख्खी बाभळ, मुळांसकट, आडवी होत येत होती. तोंड उघडलं होतं तिने. पुढे चार पावलांवर बायनाबाईचा हिरवा पदर, तिच्या पुढे सासूचा ताठ मान केलेला अंबाडा. नाव घ्यायचं नाही. तसंही ती त्याला भावजी म्हणायची. नाव तिने कधी उच्चारलेलंच नव्हतं. पण "भावजी" म्हणून ओरडायला काय झालं होतं? ओरडलं असतं तर पाचही जणी वळल्या असत्या आणि सासूने विचारलं असतं, तू का बघत होतीस? हे एवढंच. नदीची भीती, पापाची भीती असं म्हटलं तर जरा बरं दिसतं, पण मनकर्णा स्वतःशी तरी खोटं बोलायची नाही: तिला सासूची भीती वाटली. तोंड मिटून ती पुढे वळली आणि चालू लागली, आणि घरी जाऊन पायावर पाणी घेतलं. दोन्ही पायांवर, घोट्यापर्यंत, नीट.

मग बंकट सापडला नाही, मग चौथ्या दिवशी खाली सापडला. गावात दहा तोंडं झाली. कुणी म्हणे पाणी लई वर गेलतं, कुणी म्हणे न्हाई, पारापर्यंत कुठं आलतं. दुपारी तीनला पाणी सहावर होतं आणि पाऊस पुन्हा लागला होता, गाळाची रेघसुद्धा कुठे टिकली नाही. बंकटच्या ओसरीवर बसलेल्या बायकांत सासू म्हणाली, "कुणीतरी मागं बघितलं असंल." ती म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. त्या संध्याकाळी मनकर्णाने वही उघडली. एकच्या रकान्यात नऊ दहा लिहायचं तर कुणीतरी विचारणार, हे पाहिलं कुठून? बाराच्या रकान्यातलं सात चाळीस तिने खाली उतरवलं, कित्ता गिरवावा तसं. हरिबा केजहून आला, त्याने सही ठोकली. पुढे पुढे तर तिला असं वाटायला लागलं की पाणी सात चाळीसच होतं, आणि पाणी तेवढंच असेल तर बंकट तिथे कमरेइतक्या पाण्यात नव्हता, आणि नसेल तर तिने त्याला बघितलं नाही. आकड्याने माणूस झाकता येतो, फार पांघरूण लागत नाही.

दुपारी फोन वाजला. बायनाबाईच. आठवड्यातून दोनदा तिचा फोन असतोच. दहा वर्षं झाली मनकर्णाला लेकाकडे बीडला येऊन, पण गावाची कोंबडी व्याली तरी बायनाबाई कळवते, आणि कोंबडी व्यात नसते म्हटलं तर म्हणते, बीडला जाऊन लई शहाणी झालीस.

"आली व्हती का गं ती पोरगी?" बायनाबाई म्हणाली. "मीच दिला तुजा पत्ता. मनलं, आमच्या मनकर्णेबिगर त्या वहीचं कुणाला कळतंय. सही दिली का?"

"न्हाई अजून."

"आगं मंग दे की. सतरा नंबर हाय माजा. लई मोक्याचा, कोपऱ्याचा. खुंटीला मी कुकू लावून आले. सौरभ मनला, आजी, खुंटीला कुणी कुकू लावतं का. मनलं, तुजा आजा असता तर त्यानं हार घातला असता." ती हसली, मग दम घेतला. "पत्र्यात काढली मनकर्णे सगळी उमर. येका पावसात झोपले न्हाई नीट. आता स्लॅब पडंल. तू ये वास्तूला, आठ दिस ठिवून घीन."

"बायना," मनकर्णा म्हणाली, "सतरा नंबर कुठशी येतो?"

"आगं आपल्या मोटरीच्या ओट्याच्या अंगानंच. जरा वर. जागा वळखीची हाय, त्येच बरं वाटलं मला."

रात्री मनकर्णा जेवली नीट, नातीची वेणी घालून दिली, लेकाने विचारलं बरं नाही का, तर म्हणाली गॅस झालाय. बुधवार नळाचा दिवस. बीडला पाणी बाराव्या दिवशी येतं आणि आलं की सगळी बिल्डिंग धावते; ती धावली, पिंपं भरली, बादल्या भरल्या, पातेली भरली, आणि शेवटच्या पातेल्याच्या काठाशी पाणी येताना तिचं बोट आपोआप आत गेलं, किती राहिलं ते बघायला. जन्माची खोड. इथे पाणी तेवढंच येतं जेवढं येतं, आणि मोजलं म्हणून कुणी रागवत नाही. हिवरदऱ्याच्या पुलावरसुद्धा आता यंत्र बसवलंय म्हणे, दर पंधरा मिनिटांनी आपोआप आकडा पाठवतं. यंत्राला बरं, तिच्या मनात आलं, यंत्राला सासू नसते. हसू आलं, आणि त्या हसण्याचीच लाज वाटली. सही केली तर काय होतं? कदाचित काहीच नाही. पूर काय दरसाल येतो? एकोणीस वर्षांत पुन्हा तसा आला नाही. आपण मरून जाऊ, बायना मरून जाईल, स्लॅबखाली, कोरड्या अंगाने, सुखात. आणि मग एखाद्या वर्षी एकेचाळीस घरांत कुणी पाट मांडून जेवत असेल, कुणी पोराला न्हाऊ घालत असेल, आणि वरच्या अंगाला काहीतरी फुटेल. दुसऱ्यांदा. या खेपेला तर ती लांबून बघणारही नाही, नुसती सही असेल. सही न करता गप्प बसावं, तर चैताली दुसऱ्या कुणाची घेईल. वही तर तीच राहणार. म्हणजे बोलल्याशिवाय सुटका नाही, आणि बोललं की बायना विचारणार. एवढं सरळ होतं ते. कोडं असतं तर तिला बरं वाटलं असतं, कोडं सोडवत बसता आलं असतं.

संध्याकाळी तिने चैतालीला फोन लावला. "पोरी, त्यो आकडा खरा न्हाई. नऊ दहा होतं. मी बघितलं होतं आणि लिहिलं न्हाई."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग चैताली म्हणाली, "काकू, तुम्ही काय म्हणताय कळतंय का तुम्हाला? एक आकडा खोटा म्हटला की सगळी वहीच खोटी धरतील. चोवीस वर्षं."

"बाकीचे खरे हाईत."

"ते कोण ठरवणार?"

याचा तिने विचारच केला नव्हता. ती सगळी शून्यं, उन्हातान्हात जाऊन आणलेली. नवव्या महिन्यातले आकडे. सासूच्या अंघोळीआधीचा बाराचा. तेही सगळे खोटे ठरणार. मग चैताली हळू आवाजात म्हणाली, नुसतं सांगून चालत नाही, जागेवर येऊन दाखवावं लागेल, साक्षीदार म्हणून: तुम्ही कुठे उभ्या होतात, पाणी कुठे होतं. "याल?" मनकर्णा म्हणाली, येते.

गुरुवारी सिरसाळ्यापर्यंत एसटी, पुढे चैतालीची जीप. काठावर निम्मं गाव जमलं होतं. प्लॉटवाले तर सगळेच. बायनाबाईने तिला लांबूनच बघितलं आणि हात हलवला, नवं लुगडं नेसली होती. मोजणीची दुर्बीण तीन पायांवर उभी राहिली. चैतालीने विचारलं, कुठून पाहिलं होतंत, आणि मनकर्णा वळणावरच्या दगडापाशी जाऊन उभी राहिली. खांबांपैकी शेवटच्याचं बुडखं तेवढं उरलं होतं. दांडी धरणारा माणूस, शहादेव, त्यापाशी गेला. "इथं का?" तो ओरडला. मनकर्णाने हाताने सांगितलं, वर. तो चार पावलं चढला. अजून वर. खुंट्या मागे पडत गेल्या, पांढऱ्या चुन्याच्या चौकटी, एक, दोन, पाच, बारा. लोक आधी गमतीने बघत होते, मग आपापली खुंटी शोधू लागले. दांडी सतराव्या खुंटीच्या वर, बायनाबाईच्या गुडघ्याइतक्या उंचीवर जाऊन थांबली, आणि तरीही मनकर्णाचा हात वर होता. शेवटी हात खाली आला तेव्हा दांडीच्या खालच्या अंगाला एकेचाळीसातले चौतीस प्लॉट होते.

"ही बया कुणाची माणूस हाय?" कुणीतरी म्हणालं. "वहीत सात हाय ना, मंग ही कोण नऊ सांगणारी?" दुसरा म्हणाला, "बीडला राहून डोकं फिरलंय म्हातारीचं." गावचा सरपंच चैतालीशी हुज्जत घालू लागला. मनकर्णाने कपाळावर आडवा हात धरला. ऊन डोळ्यांवर येत होतं.

बायनाबाई चढण चढून वर आली. तिला दम लागला होता. ती भांडायला आली असं सगळ्यांना वाटलं, मनकर्णालाही वाटलं, आणि तेच बरं असं वाटलं. पण ती येऊन शेजारी उभी राहिली, दगडाला हात टेकून, आणि जिकडे मनकर्णाने हात केला होता तिकडे बघत राहिली. खांबाचं बुडखं. त्याच्या शेजारी सिमेंटचा ओटा, गवत माजलेला.

"हितनं आमची मोटर दिसती की," ती म्हणाली.

"हं."

"त्या दिशीबी दिसत व्हती?"

"व्हती."

खाली सरपंचाचा आवाज चढला होता. बायनाबाईने पदर तोंडाला लावला, काढला. मग तिने विचारलं ते असं, की जणू बाजारातून आलेल्या माणसाला भाव विचारावा:

"उभा व्हता का वाकल्याला?"

"वाकल्याले व्हते. पाइप सोडवत व्हते."

"डोक्याला काय व्हतं?"

"टावेल. लाल काठाचा."

"त्यो न्हाई सापडला," बायनाबाई म्हणाली. "मला वाटायचं, टावेल न नेताच गेला कसा." ती पुन्हा ओट्याकडे बघत राहिली. एकोणीस वर्षांत तिला कुणी त्याच्याविषयी नवीन काही सांगितलं नव्हतं. "घाबरला व्हता का?"

"त्यांना दिसलंच न्हाई. पाठ व्हती. मला दिसलं." मनकर्णाला वाटलं आता पुढचं बोलावं लागेल, आणि ती बोलली. "मी हाक मारली न्हाई, बायना. तुमी सगळ्या पुढं व्हत्या. आत्याबाईंना कळलं असतं मी मागं बघितलं म्हणून."

बायनाबाईने तिच्याकडे बघितलं नाही. हाताने दगडावरची माती झाडली, जणू कुणाला तिथे बसायचं होतं. मग ती उतार उतरून खाली गेली, सतराव्या खुंटीपाशी वाकली, दोन हातांनी हलवून हलवून ती उपटली, आणि बगलेत धरली. "ऱ्हाऊ द्या माज्याकडं," ती शहादेवला म्हणाली, "शेळी बांधाया व्हईल." काही लोक हसले. ती तशीच पुन्हा चढून वर आली, मनकर्णाच्या बाजूने, पण थांबली नाही. आजवर मनकर्णा गावात आली की बायनाबाई तिची पिशवी आधी आत नेऊन ठेवायची, म्हणजे जाता येऊ नये.

"साडेपाचला गाडी हाय सिरसाळ्याहून," ती जाता जाता म्हणाली. "चुकवू नको."